आडवा आठ

मास्तरांनी कॅमेऱ्यासाठी नवे भिंग घ्यायचे ठरवले, ते त्यांच्या मुलीच्या एका वाक्यामुळे. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त ती दूर देशी कायमची राहायला निघाली होती. निघण्याआधी काही दिवस माहेरी आली असताना तिने कपाटातले जुने अल्बम उपसले आणि पुढच्या खोलीत जमिनीवर फतकल मारून ती पाने उलटत बसली. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"बाबा," ती म्हणाली, "माईचा एक धड फोटो नाही आपल्या घरात."

ही काही नवी गोष्ट नव्हती. घरातला तो जुना विनोद होता. कोणत्याही फोटोत बाकीची माणसे रेखीव येत, आणि माईंच्या जागी मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा एक चेहरा असे. माई हलतात, असे सगळे म्हणत. त्या विनोदाच्या जोडीला आणखी एक विनोद होता. माईंना काही विचारले, की उत्तर यायला वेळ लागे. फार नाही, पण विचारणाऱ्याला आपला प्रश्न पोचला की नाही अशी शंका यावी, इतका. मुलगी लहानपणी म्हणायची, की माईचे उत्तर ट्रंककॉलने येते. माईही हसत, थोड्या उशिरा.

पण या वेळी मुलगी हसली नाही. तिकडे गेल्यावर आईचा चेहरा आठवायला गेले तर आपल्याला हे धुकेच आठवेल, असे ती म्हणाली. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मास्तरांनी डोळे मिटून पत्नीचा चेहरा आठवून पाहिला. साडी आठवली, चष्म्याची दांडी आठवली, केसांची ठेवण आठवली. मध्ये जे असायला हवे होते ते काही केल्या जुळेना. एका हाताच्या अंतरावर त्या झोपलेल्या होत्या. दिवा लावून बघावे असे त्यांना वाटले, आणि तो न लावताच ते कुशीवर वळले.

मास्तर म्हणजे तंत्रशाळेतले मापनाचे निवृत्त शिक्षक. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'सूतमास्तर' म्हणत, कारण सूतभर चूक झाली तरी ते काम परत करायला लावत. मास्तर नोकरीतून निवृत्त झाले, पण मापनशाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. फडताळात डबा ठेवण्यापूर्वी ते दोन फळ्यांमधले अंतर मोजत. चहात साखर घालताना चमच्यावरचा उंचवटा सुरीच्या पाठीने सपाट करत. शाळेत त्यांचे दोनच नियम होते. पहिला, चूक आधी मापकात शोधायची, मग वस्तूत. दुसरा, वस्तू मापात बसत नाही म्हणून मापक वस्तूशी जुळवून घ्यायचे नाही. पहिला नियम मोडणाऱ्याला ते रागावत. दुसरा मोडणाऱ्याला शाळेबाहेर काढत.

तेव्हा चूक आधी कॅमेऱ्यात शोधायची, हे ओघानेच आले. निरोप समारंभात विद्यार्थ्यांनी दिलेला त्यांचा कॅमेरा चांगला होता. पण त्याबरोबर आलेले भिंग अगदीच सामान्य होते. प्रकाश कमी असला की त्याचे हातपाय गळत. भिंग बदलायला हवे, असा निष्कर्ष मास्तरांनी काढला. खिडक्यांच्या रंगकामासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेत जे बसेल तेच घ्यायचे, असेही ठरले. मुलगी पैसे देऊ करत होती. मास्तर म्हणाले, रंग एक वर्ष थांबेल. तू थांबणार नाहीस.

जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचे दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होते. दुकानदार गप्पिष्ट. रक्कम ऐकल्यावर त्याने मास्तरांकडे प्रेमाने पाहिले आणि सांगितले, की एवढ्यात नवे भिंग आले तर ते नुसते आले म्हणायचे, आणि चांगले हवे असेल तर ते कोणीतरी वापरलेले असणार. मास्तरांनी त्याला इतके प्रश्न विचारले, की शेवटी त्याने हात जोडले.

"काका, सून बघायला आलात की भिंग?" तो म्हणाला. "तिन्ही घरी न्या. आठवडाभर नांदवून बघा. जे नांदेल ते ठेवा."

तीन भिंगे घरी आली. एक नवेकोरे पण साधे. दुसरे वापरलेले, त्याचे तोंड मोठे, म्हणजे कमी उजेडातही चालेल असे. कधीकाळी लागलेली बुरशी पुसल्याची कडेला किंचित खूण होती. तिसरे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जड होते, सबंध धातूचे. त्यात आपोआप काही होत नसे. पुढचे कडे हाताने फिरवायचे, की फोकस जवळून लांब जाई. त्या कड्यावर अंतराचे आकडे कोरलेले होते, आणि आकडे संपले की शेवटी एक आडवा पडलेला आठ. याच्यापुढे मोजायचे नाही, अशी ती खूण. पुस्तकात तिला 'अनंत' म्हणतात. पण हा शब्द मास्तरांना वर्गात उच्चारायला आवडत नसे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, काळ्या चौकटीत, माणसे त्यातच विलीन होत असत. ते 'आडवा आठ' म्हणत आणि पुढे जात.

चाचणी शिस्तीत सुरू झाली. पुढच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून हातांची एक खुर्ची ठेवली. तिच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा केल्या. समोर ट्रायपॉडवर कॅमेरा. कॅमेऱ्यापासून खुर्चीपर्यंतचे अंतर टेपने दोनदा मोजले. खिडकीतून समोरच्या इमारतींच्या गच्च्या दिसत, त्यांच्यापलीकडे सपाट प्रदेश, आणि पार टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, एका बंद कारखान्याचे धुरांडे. खुर्चीत माई लोकर आणि सुया घेऊन बसल्या. वडिलांजवळ राहिलेल्या नातवासाठी टोपी चालली होती.

"हलू नकोस हं," मास्तर म्हणाले.

त्यांनी बटण दाबले. त्यानंतर माई म्हणाल्या, "नाही हो. मला कुठं जायचंय?"

पहिल्या भिंगाचा फोटो मास्तरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. खुर्चीच्या हाताचे लाकूड, त्यावरची जुनी चीर, लोकरीचा एकेक पीळ, सारे स्वच्छ होते. साडीचे काठ मोजून घ्यावेत असे होते. ब्लाउजच्या गळ्यापर्यंत सगळे ठीक होते. त्याच्यावर चेहरा नव्हता. चेहऱ्याचा अंदाज होता. सुया लख्ख होत्या, आणि त्या धरणारे हात धुक्याचे होते.

मास्तरांनी चष्मा पुसला. माई हलल्या असत्या तर सुया हलल्या असत्या. सुया तर हातातच होत्या.

त्यांनी मुलीला त्याच खुर्चीत बसवले. ती स्वच्छ आली, नाकावरच्या पुटकुळीसकट. त्यावरून तिने वडिलांना ऐकवलेही. मग टायमर लावून ते स्वतः बसले. तेही स्वच्छ आले. पुन्हा माई बसल्या. पुन्हा धुके. दुसरे भिंग लावले. हे आपण होऊन फोकस शोधणारे. माईंच्या चेहऱ्यावर आले, की त्याच्या पोटातली यंत्रणा कुरकुरे, पुढे जाई, मागे येई, अंधारात किल्लीचे भोक चाचपणाऱ्या माणसासारखी घुटमळे, आणि शेवटी खुर्चीच्या पाठीवर जाऊन निमूट थांबे.

दोन वेगवेगळ्या मापकांत एकच चूक सापडावी, हे मास्तरांना पटण्यासारखे नव्हते. तरी चूक मापकात नाही, असा कबुलीजबाब त्यांनी स्वतःला दिला नाही. तिसरे भिंग बाकी होते.

तिसऱ्या भिंगाची चाचणी दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. मुलगी खरेदीला बाहेर गेली होती. घरात सुयांच्या बारीक टकटकीशिवाय आवाज नव्हता. मास्तरांनी कडे टेपने मोजलेल्या अंतरावर आणले. खुर्ची स्वच्छ, माई पुसट. मग, केवळ पद्धत म्हणून, ते कडे हळूहळू पुढे फिरवू लागले. खुर्ची विरघळू लागली. मागची खिडकीची चौकट स्वच्छ झाली, आणि तीही गेली. समोरच्या गच्च्या आल्या, त्यावरच्या टाक्या आल्या, गेल्या. माई तशाच. आता पुढे बघण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून मास्तरांनी कडे शेवटपर्यंत फिरवले. आडव्या आठावर ते खट्टकन थांबले.

पडद्यावर माईंचा चेहरा उमटला.

उजव्या भुवईत एक जुना व्रण होता. तो तिथे असतो, हे मास्तर विसरले होते. खालच्या ओठाखाली एक लहानसा तीळ होता. पापण्या मोजता आल्या असत्या. चेहरा सुंदर होता, थकलेला होता, आणि त्याच्यामागे पार दूर, डोंगराच्या पायथ्याचे धुरांडे तितकेच स्वच्छ होते. त्याच्या विटासुद्धा. खुर्ची मात्र कुठेच नव्हती. खोलीही नव्हती.

मास्तरांचा हात कड्यावरच राहिला. त्यांनी कॅमेऱ्यावरून डोळे उचलून समोर पाहिले. माई खुर्चीत बसून टाके मोजत होत्या. ते उठले, टेप घेतला, कॅमेऱ्यापासून माईंच्या कपाळापर्यंत धरला. अंतर तेच होते.

काहीतरी झाले आहे असे मास्तरांच्या चेहऱ्यावर लिहिलेले असावे, पण माईंनी ते पाहिले ते मास्तर टेप गुंडाळून परत जागेवर जाऊन बसल्यानंतर. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मास्तर मघाशी टेप धरून उभे होते त्या ठिकाणी, जिथे आता कोणी नव्हते तिथे, पाहून हसल्या.

बेडरूमच्या भिंतीवर एक फोटो होता. लग्नानंतर वर्षभराने सगळे एका तलावावर गेले असताना मेहुण्याने काढलेला. त्या दिवशी त्याच्याकडून कॅमेरा समोरच्या काठावर रोखला गेला, आणि अलीकडच्या काठावर ओळीने उभे असलेले सगळे नातेवाईक पुसट आले. चेहरा नखाएवढा, पण एकट्या माई स्वच्छ आल्या. सगळे हलले, माई तेवढी हलली नाही, असे म्हणून तो फोटो हौसेने फ्रेम केलेला होता. मास्तरांनी तो भिंतीवरून उतरवला आणि उजेडात नेला. समोरच्या काठावरची झाडे पान न् पान दिसत होती. एवढ्या वर्षांत तिकडे कोणी पाहिलेच नव्हते.

मग त्यांनी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. हिशेब साधा होता, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमणारा. वस्तू जितकी दूर, तितकी लहान दिसते. माई जर धुरांड्याइतक्या दूर असतील, आणि तरीही खुर्चीत बसलेल्या बाईएवढ्या दिसत असतील, तर त्यांची खरी उंची किती? त्रैराशिक अर्ध्यावर आले तेव्हाच उत्तराचा आकार दिसू लागला. मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिले. धुरांड्यामागचा डोंगर त्या उत्तरापुढे लहान होता. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पाकीट चार तुकडे करून टाकले. आयुष्यात प्रथमच त्यांनी एक हिशेब अर्धवट सोडला होता.

आडव्या आठावर काढलेला तो फोटो संध्याकाळी मुलीने पाहिला. ती आधी हरखली, मग पुन्हा पाहू लागली. चेहरा अगदी माईचा आहे, ती म्हणाली, पण माई कुठे बसली आहे ते कळत नाही. "बाबा, ही आपल्या घरात नाही वाटत. हा नको मला."

मास्तरांनाही तो नकोच होता. त्यांना माई खुर्चीत हव्या होत्या. खुर्ची स्वच्छ आणि माई स्वच्छ, एकाच वेळी, एकाच मापावर.

ते दुकानात गेले. एक वस्तू जवळ असूनही आडव्या आठावर दिसते, एवढेच त्यांनी सांगितले. कोणती वस्तू, ते सांगितले नाही. दुकानदार हसला. म्हणाला, मग ती वस्तूच लांब असेल की. मास्तर हसले नाहीत, तसा तोही गंभीर झाला. त्याने धातूचे भिंग उलटे करून दाखवले. मागच्या बाजूला, जिथे ते कॅमेऱ्याला बसते त्या कड्याखाली, पातळ पितळी चकत्या होत्या. कारखान्यात ज्यांना शिम म्हणतात त्या. त्या कमी-जास्त केल्या, की भिंगाचे जवळ-लांब सरकते.

"एक काढून बघा, काका. अंतर खाली येईल. येईल तुमची वस्तू जवळ."

मास्तर घरी येईपर्यंत स्वतःशी वाद घालत होते. वस्तू मापात बसत नाही म्हणून मापक तिच्याशी जुळवून घ्यायचे, हेच तर ते जन्मभर करू देत नव्हते. एका विद्यार्थ्याने हेच केले म्हणून त्यांनी त्याला वर्षभर शाळेच्या दारात उभे केले नव्हते. पण मुलीच्या जाण्याला फार दिवस उरले नव्हते, आणि मास्तरांना त्या भुवईतला व्रण पुन्हा पाहायचा होता.

सकाळच्या उजेडात, जेवणाच्या टेबलावर पांढरे फडके पसरून, त्यांनी घड्याळदुरुस्तीच्या स्क्रू-ड्रायव्हरने चार बारीक स्क्रू सोडवले. चिमट्याने एक चकती उचलली. ती श्वासाने उडेल इतकी हलकी होती. काडेपेटीत तिला जपून ठेवून त्यांनी कडे पुन्हा बसवले. आता गणित स्पष्ट होते. कडे खुर्चीच्या अंतरावर ठेवले, तर भिंग प्रत्यक्षात आडव्या आठाकडे पाहणार. माई आणि धुरांडे स्वच्छ येणार, खुर्ची पुसट होणार. तेवढ्याने प्रश्न सुटणार नव्हता. पण भिंग सांगितल्याप्रमाणे वागते का, हे त्यांना निदान पाहायचे होते.

माई खुर्चीत बसल्या. मास्तरांनी कडे टेपच्या अंतरावर आणले.

माई स्वच्छ. खुर्ची स्वच्छ. लोकर, सुया, सुया धरलेली बोटे, बोटावरची सुईची जुनी टोच, सगळे स्वच्छ. खिडकीतले धुरांडे पुसट.

मास्तरांनी पुन्हा पाहिले. चकती काढल्याचा भिंगावर काहीच परिणाम झालेला नव्हता. खुर्ची जिथे दिसायला हवी तिथेच दिसत होती. ते भिंग कालही बरोबर होते आणि आजही बरोबर होते.

मग चकती काढल्याचा परिणाम कशावर झाला होता?

"बरं वाटतंय ना तुला?" त्यांनी विचारले.

"छान वाटतंय," माई म्हणाल्या. लगेच. प्रश्नाच्या पाठीला पाठ लावून. मग त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि नवऱ्याकडे पाहिले, नेमके त्यांच्याकडे. "आज तुमचा आवाज किती जवळून येतोय."

तो फोटो मुलीने छापून घेतला आणि सामानात सगळ्यांत वर ठेवला. जाईपर्यंत ती आईशी बोलत राहिली. काही विचारले की झटकन उत्तर येई, आणि ती खुदकन हसे. माईचा ट्रंककॉल बंद झाला, घरातच लाइन आली, असे ती नवऱ्याला फोनवर सांगत होती. मास्तर दुकानात जाऊन रक्कम देऊन आले. भिंग नांदले म्हणायचे, दुकानदार म्हणाला.

मुलगी गेल्यावर घर शांत झाले. मास्तर रोज दुपारी माईंचा एक फोटो काढू लागले. इतक्या वर्षांची उधारी होती. माई हसून बसत. मास्तरांना आता डोळे मिटले की तो चेहरा दिसे, व्रण, तीळ, सगळे. आपण सुखी आहोत, असे त्यांच्या एकदा मनात आले.

पण कडे रोज किंचित फिरवावे लागत होते. जवळच्या बाजूला.

आधी त्यांना वाटले, ट्रायपॉड सरकला असेल. त्यांनी टेप लावला. खुर्ची खडूच्या खुणेत होती, माई खुर्चीत होत्या, आणि भिंगाच्या मते त्या खुर्चीच्या वीतभर पुढे होत्या. काही दिवसांनी हातभर पुढे.

त्याच सुमारास एका सकाळी माई चहा ओतताना म्हणाल्या, "कपाटात, डाव्या खणात."

"काय?" मास्तरांनी विचारले. माई नुसत्या हसल्या. थोड्या वेळाने वर्तमानपत्र उघडून मास्तर खिसे चाचपू लागले, आणि आपण होऊन त्यांच्या तोंडून निघून गेले, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" विचारून झाल्यावर ते उभ्या जागी थांबले. चष्मा कपाटात, डाव्या खणात होता.

मग हे होऊ लागले. माई विणताविणता म्हणत, "पुरे, आणखी नको," आणि जेवताना मास्तर भाताचा चमचा पुढे करून विचारत, वाढू का. माई म्हणत, "परवा केला होता तिनं," आणि दुसऱ्या दिवशी, मुलीचा फोन आला होता का, हे विचारायची आठवण मास्तरांना होई. उत्तरे आधी क्षणाने पुढे होती, मग तासाने, मग दिवसाने. माईंना त्यात काही वेगळे वाटत नसावे. त्या पूर्वी जशा शांतपणे उशिरा बोलत, तशाच शांतपणे आता लवकर बोलत. मास्तर विचारायचे थांबून पाहत. पण प्रश्न कधी तोंडून निसटे ते त्यांनाच कळत नसे. उत्तर आलेले असले, की प्रश्न येई.

एका दुपारी त्यांनी काडेपेटी उघडली. पितळी चकती चिमट्याने उचलली, स्क्रू सोडवले, ती होती तिथे परत बसवली. हात स्थिर होते. त्यांनी भिंग चढवले आणि कडे फिरवले.

माई आणखी जवळ आल्या होत्या.

त्यांनी पितळी पत्र्यातून आणखी एक चकती कापून घालून पाहिली. मग दोन्ही काढून पाहिल्या. भिंग आपल्या जागी बरोबर होते. ते तर पहिल्या दिवसापासून बरोबर होते. चूक मापकात नव्हती. आता कड्यावर सर्वांत लहान आकडा उरला होता, हात लांब केला तर जिथे बोटे पोचतील तेवढ्या अंतराचा. माई पलीकडे, खुर्चीत, खिडकीच्या उजेडात होत्या. आणि पडद्यावर त्या इतक्या स्वच्छ होत्या, की मास्तरांनी नकळत मान मागे घेतली.

"नाही हो," माई म्हणाल्या.

त्यांनी सुया खाली ठेवल्या होत्या. आवाज मायेचा होता. लहान मुलाची समजूत काढताना लागतो तसा.

"अजिबात दुखलं नाही."

मास्तरांनी कॅमेरा बंद केला. भिंगाला झाकण लावले. काय दुखले नाही, हे त्यांनी विचारले नाही. त्या उत्तराचा प्रश्न अजून यायचा होता. त्यांनी उठून पाण्याचा पेला भरला, पिऊन टाकला, आणि पेला टेबलाच्या कडेपासून दूर, मधोमध ठेवला.

त्या दिवसापासून मास्तर घरात प्रश्न विचारत नाहीत. जेवण वाढले आहे, असे ते म्हणतात. बाहेर ऊन आहे, असे म्हणतात. सुऱ्या त्यांनी वरच्या फळीवर ठेवल्या. विणायच्या सुया काढून घेतल्या, तेव्हा माईंनी हरकत घेतली नाही. न्हाणीघरात खरखरीत पाट टाकला. कढत पाणी ते स्वतः उतरवतात. मुलीचा फोन आला, की माई बऱ्या आहेत असे ती विचारायच्या आधीच सांगून टाकतात. बाबा, तुम्हीही फोनवरच्या माईसारखेच झालात, विचारण्याआधी उत्तर, असे ती म्हणाली आणि हसली.

कॅमेरा कपाटात आहे.

पहिले काही दिवस मास्तर पुढच्या उत्तराची वाट पाहत होते. कोणतेही चालले असते. डाव्या खणात, परवा, पुरे, आणखी नको. एखादे उत्तर आले असते, तर त्याचा अर्थ, पुढे कधीतरी एखादा साधासा प्रश्न आहे, आणि तो विचारायला आपण दोघेही आहोत, असा झाला असता.

माई खुर्चीत बसतात. हात मोकळे असतात. मास्तर समोर बसतात, खडूच्या खुणेपलीकडे, आणि त्यांच्या ओठांकडे पाहत राहतात.

त्या दुपारनंतर माईंनी एकही उत्तर दिलेले नाही.